हात लावण्याची मुभा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहून द्याव्यात, असे संपादक मंडळाने आम्हांस कळविले होते. आठवणींना तोटा नाही. परंतु महोत्सव समितीच्या मागील बैठकीत दोन ठराव अवघ्या दहा मिनिटांत संमत झाले, आणि त्या दोहोंविषयी जे बोलायचे राहून गेले ते येथे मांडणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते. पहिला ठराव असा की, माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून शाळेच्या प्रांगणात तथागत आणि बाबासाहेब यांचे पुतळे सात फुटी चौथऱ्यावर उभारावेत व भोवती स्टीलचा कठडा असावा. दुसरा असा की, ज्या विशेष शाळेत आपल्या वसतिगृहातील मुले दरवर्षी जयंतीनिमित्त जातात, तिच्या भिंती महोत्सवाची आठवण म्हणून चित्रांनी रंगवून द्याव्यात. दोन्ही ठरावांमागील भावनेविषयी आम्हांस आदरच आहे. आमचा मतभेद आहे तो चौथऱ्याच्या उंचीशी आणि रंगाच्या डब्यांशी.

त्या विशेष शाळेच्या भिंती यापूर्वी दोनदा रंगविल्या गेल्या आहेत. दोन्ही वेळा बाहेरून मंडळी आली, सकाळी कामाला लागली, दुपारपर्यंत कार्टूनमधील प्राणी, फुगे, इंद्रधनुष्य आणि हसरा सूर्य भिंतीवर अवतरला, मुलांना भिंतीपुढे उभे करून छायाचित्र निघाले आणि चहापान होऊन कार्यक्रम संपला. त्या शाळेत जी मुले आहेत त्यांतील काहींना दिसत नाही. काहींना ऐकू येत नाही. काहींची बुद्धी सावकाश चालते, काहींचे हातपाय त्यांच्या मनाप्रमाणे वळत नाहीत आणि काहींच्या वाट्याला यांतील दोन-तीन गोष्टी एकत्र आलेल्या आहेत. भिंतीवरील सूर्य हसतो आहे, हे त्यांच्यापैकी कित्येकांना आजवर कळलेले नाही. ती चित्रे मुलांसाठी नव्हतीच. ती आम्हां भेट देणाऱ्यांसाठी होती.

गेल्या १४ एप्रिलची गोष्ट. आमच्या मुलांनी प्लास्टरचा दीड फुटी अर्धपुतळा सोबत नेला होता. पुष्पहार घालून झाला, भाषणे झाली. नंतर एक दहा-अकरा वर्षांचा, जन्मापासून दृष्टी नसलेला मुलगा चाचपडत टेबलापाशी आला आणि त्याने पुतळ्याच्या चेहऱ्यावर हात ठेवला. आमच्याच एका विद्यार्थ्याने, "अरे, हात लावू नको, पडेल," असे म्हणून त्याला अडविले. तेथील बाईंनी खुणेनेच राहू द्या म्हटले. त्या मुलाने कपाळ पाहिले, कान पाहिले, गालावरून बोटे फिरविली आणि डोळ्यांपाशी येऊन तो थबकला. मग आश्चर्याने म्हणाला, "बाबासाहेबास्नीबी चष्मा हुता व्हय, सर?"

तीस वर्षे इतिहास शिकविणाऱ्या माणसाला या प्रश्नाने जे शिकविले ते कोणत्याही प्रशिक्षण वर्गात मिळाले नाही. त्या मुलाने बाबासाहेबांचे चरित्र अनेकदा ऐकले होते, गीतेही त्याला पाठ होती. परंतु ज्या मूर्तीपुढे आपण हात जोडतो ती त्याच्यापर्यंत त्या दिवशी प्रथमच पोहोचली, आणि तीसुद्धा आमच्या विद्यार्थ्याचा हात मध्ये आडवा येऊन गेल्यावर.

‘हात लावू नको’ हे शब्द आमच्याच मुलाच्या तोंडून निघाले, याची बोच अजून गेलेली नाही. आपल्या समाजाची सारी कहाणी स्पर्शाभोवती फिरते. ज्या शब्दाने आपल्या वाडवडिलांना ओळखले गेले तो शब्दच स्पर्शावरून घडलेला होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले ते तहान भागविण्यासाठी नव्हते. सार्वजनिक पाण्याला आमचाही हात लागेल, एवढेच तेथे सिद्ध करायचे होते. आपल्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांच्या ‘सत्यसुधारक’ हॉटेलात उघडपणे चहा घेतला. त्या चहाचे मोलही अशाच एका स्पर्शात होते. वस्तुसंग्रहालयातील ‘हात लावू नये’ ही पाटी आणि पाणवठ्यावरील बंदी यांना आम्ही एका मापाने मोजत नाही, हे येथे स्पष्ट करतो. हाताच्या घामाने आणि तेलकटपणाने प्राचीन वस्तू खराब होतात, तेव्हा तेथील पाटीला कारण आहे. परंतु ज्याचे डोळे त्याच्या बोटांत आहेत, त्याला त्या पाटीचा अर्थ ‘पाहू नये’ असाच होतो. म्हणूनच जगातील शहाण्या संग्रहालयांनी त्यावर मार्ग काढला. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ मध्ये ‘अनुभव’ नावाचे दालन उघडले गेले. तेथे शिल्पांच्या प्रतिकृती हाताळण्यासाठीच ठेवलेल्या आहेत. इटलीतील अँकोना शहरात आल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या अंध दांपत्याच्या पुढाकारातून १९९३ मध्ये ‘ओमेरो’ हे स्पर्श-संग्रहालय उभे राहिले, आणि पुढे त्या देशाने त्यास राष्ट्रीय संग्रहालयाचा दर्जा दिला. ज्यांना प्रत्येक संग्रहालयात हात मागे घ्यावा लागला होता, त्यांनीच ते उभे केले, हे विशेष.

शाळेचे म्हणाल तर फार दूर जायला नको. शेजारच्या गुजरातेत गांधीनगर येथे अंध मुलांसाठी बांधलेल्या शाळेत भिंतींचा गिलावाच मुलांना वाट सांगतो. लांबीच्या बाजूच्या भिंतींवर आडव्या रेघा, रुंदीच्या बाजूला उभ्या. हात फिरविला की आपण कोठे आहोत ते समजते. वर्गाच्या दारापुढील फरशी खरखरीत, बाकीची गुळगुळीत, त्यामुळे पायालाही दार कळते. अंगणात वासाची झाडे आहेत. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे २००७ मध्ये उभारलेल्या हेझलवुड शाळेत दृष्टी आणि श्रवण दोन्ही अधू असलेली मुले शिकतात. तेथील लांबलचक भिंतीला बुचाच्या झाडाची साल लावली आहे. ती हाताला ऊबदार लागते, आणि तिच्यावर हात ठेवून मुले एकटी चालत जातात. आपल्या राज्यात नागपूरला दिव्यांगांसाठी ‘अनुभूती’ या उद्यानाची घोषणा २०२३ मध्ये झाली, तिच्यातही स्पर्श आणि गंध यांच्या बागेचा समावेश आहे.

‘दिव्यांग’ हा शब्द लिहिला खरा, पण तो आमच्या लेखणीला सहजासहजी येत नाही. ज्या समाजाला ‘हरिजन’ म्हणून गौरविण्यात आले आणि ज्याने बाबासाहेबांच्या पाठोपाठ तो गौरव नाकारला, त्या समाजाने तरी दैवी विशेषणांपासून सावध राहावे. शरीराला दिव्य म्हटले की त्याला उतारमार्ग, शिक्षक आणि हाताला लागेल अशी भिंत देण्याचे राहून गेले तरी चालते, असा त्या शब्दाचा सोयीस्कर उपयोग होतो. २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा अधिक साधे बोलतो. त्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली, आणि त्याच्या कलम २९ मध्ये कला ही अपंग व्यक्तींना उपलब्ध झाली पाहिजे, असे शासनाचे कर्तव्यच सांगितले आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अशा व्यक्तींची संख्या २९ लाखांहून अधिक नोंदली गेली. हा दयेचा विषय नाही, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगावे लागू नये. नसीमा हुरजूक यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था याच शहरात उभी केली, आणि त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन आपल्या ग्रंथालयातही आहे.

आपण बौद्ध आहोत, तेव्हा या प्रश्नाकडे पाहण्याची आपली म्हणून एक दृष्टी असायला हवी. धम्मात सहा आयतने सांगितली आहेत: चक्षू, श्रोत्र, घ्राण, जिव्हा, काया आणि मन. जगाचे ज्ञान या सहा दारांनी येते. त्यांत चक्षूला सिंहासन दिलेले नाही. शाळेने मात्र ते दिले. फळा, पुस्तक, नकाशा, भित्तिचित्र, सारे डोळ्यांच्या हवाली केले. चुल्लपंथकाची कथा आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना, म्हणून त्याच्या थोरल्या भावाने, जो स्वतः विद्वान भिक्खू होता, त्याला विहारातून घरी जायला सांगितले. भगवंतांनी त्याला दुसरी, सोपी गाथा दिली नाही. त्यांनी त्याच्या हातात एक स्वच्छ वस्त्र दिले आणि सूर्याकडे तोंड करून ते चोळत बसण्यास सांगितले. वस्त्र हाताच्या घामाने मळत गेले आणि जे गाथेने समजले नव्हते ते त्याला बोटांनी समजले. विशेष शिक्षणाचा याहून जुना पाठ आम्हांस ठाऊक नाही.

याच कथांना जोडून अट्ठकथांमध्ये पूर्वजन्मीचे कर्मही येते. चुल्लपंथक मंदबुद्धी का झाला, चक्षुपाल थेर अंध का झाला, याची कारणे मागच्या जन्मात शोधलेली आढळतात. हे आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही, कारण आजही आपल्या वस्त्यांत अशा मुलाच्या आईला ‘मागच्या जन्मीचं काहीतरी असणार’ असे ऐकविले जाते, आणि ऐकविणाऱ्यांत आपलेही लोक असतात. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत भगवंतांचा म्हणून स्वीकारण्यास स्पष्ट नकार दिला. ज्या सिद्धांताने आपला जन्मच आपला दोष ठरविला, तोच आपण दुसऱ्याच्या लेकराला लावावा काय? त्या शाळेतील पालकांपैकी कोणी हे वाचत असतील तर त्यांनी एवढे निःशंकपणे धरून चालावे की, त्यांच्या मुलाच्या शरीरात कोणत्याही पापाची नोंद नाही.

कलेचा आणि सामान्य माणसाचा संबंध कसा होता, हेही आपल्याच परंपरेत पाहता येते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेखांत धेनुकाकट येथील सुतार आणि सुगंधी द्रव्यांचा व्यापारी यांच्या नावांची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी हातावर पोट असलेल्यांनी सार्वजनिक कला उभी केली, आणि तिच्यावर आपले नाव कोरून ठेवण्याचा मान त्यांना मिळाला. सहलीला गेलो की आम्ही मुलांना त्या चैत्यात डोळे मिटून उभे राहायला सांगतो. कोणीतरी हळू आवाजात त्रिसरण म्हणते, आणि तो आवाज कमानीत फिरून कसा परत येतो ते मुले कानांनी पाहतात. स्तूपाला प्रदक्षिणा घालायची ती पायांनी. आरंभीच्या बौद्ध शिल्पकारांनी तथागतांची मानवी मूर्ती न घडविता पाऊलखुणा, धम्मचक्र, बोधिवृक्ष आणि रिकामे आसन कोरले. ही चारही चिन्हे बोटाने वाचता येतील इतकी ठसठशीत आहेत. कोल्हापूरजवळ जोतिबाच्या डोंगराकडे पोहाळ्याची लेणी आहेत. तेथे एकदा त्या विशेष शाळेच्या मुलांना घेऊन जावे, अशी आमची फार दिवसांची इच्छा आहे. वाटेची अडचण आहे, पण ती सुटण्यासारखी आहे.

मग त्या शाळेच्या भिंतीचे काय करावे? आमच्या मते रंगाचे पैसे रंगावर घालू नयेत. शाळेच्या प्रवेशापासून वर्गांपर्यंतच्या भिंतीवर, मुलांच्या हाताच्या उंचीवर, उठावाच्या शिल्पांची एक लांब पट्टी करावी. साहित्य दूरचे नको. काळा बसाल्ट, जांभा, भाजलेली माती, लाकूड, बिडाचे ओतकाम, हे सारे या जिल्ह्यात आहे. थंड दगडानंतर खरखरीत जांभा, जांभ्यानंतर ऊबदार लाकूड, असा क्रम लावला तर मूल स्पर्शावरून आपला वर्ग ओळखेल. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर यांचे हे शहर स्वतःला कलापूर म्हणविते. येथे मूर्ती घडविणारे कुंभार आहेत, उद्यमनगरात ओतकाम करणारे कारागीर आहेत, हुपरीला घुंगरू घडविणारे आहेत, चामड्यावर वेणीकाम करणारे चर्मकार बांधव आहेत. चामड्याच्या वेणीचा एक हातभर तुकडा बोटाखाली किती बोलका असतो, हे ज्याने घरात ते काम पाहिले आहे त्याला सांगायला नको.

शिल्पात काय असावे, यावर मात्र थोडा विचार हवा. डोळा संपूर्ण चित्र एकदम पाहतो, बोट ते तुकड्यातुकड्याने वाचून मनात जोडते. म्हणून एकावर एक चढलेल्या आकृत्या, बारीक नक्षी, दूरचे लहान आणि जवळचे मोठे, असली करामत येथे निरुपयोगी. जन्मांधाला दूरचा डोंगर लहान का, हे बोटाने कळत नाही. आकृत्या थोड्या, सुट्या आणि ठळक हव्यात. अलीकडे पुतळे फायबरचे करून वर सोनेरी रंग मारण्याची चाल पडली आहे. डोळ्याला तो पितळी वाटतो, पण बोट फसत नाही. वासासाठी भिंतीच्या कडेने गवती चहा, तुळस, निर्गुडी, सोनचाफा लावावा. ऋतू बदलला हे त्यावरून तेथील मुलांना आमच्या आधी समजेल.

आवाजाच्या बाबतीत आमच्या हातून चूक झालेली आहे, ती सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी जयंतीला आम्ही तेथे हलगी नेली होती. ऐकू न येणाऱ्या मुलांनी हलगीच्या कडेवर तळवे टेकले आणि त्यांचे चेहरे उजळले. तेथपर्यंत सारे ठीक होते. परंतु स्वमग्न असलेला एक मुलगा पहिल्या थापेलाच कानांवर हात घेऊन बाकाखाली शिरला आणि तासभर बाहेर आला नाही. आम्ही कोणाला आधी विचारले नव्हते. एकाला जो आनंद तो दुसऱ्याला छळ होऊ शकतो. म्हणून बहुसंवेदी कला म्हणजे सर्वत्र घंटा, घुंगरू आणि रंगांची गर्दी नव्हे. एक कोपरा असा हवा की जेथे काहीच नाही, आवाज नाही, उठाव नाही, केवळ एक गुळगुळीत भिंत आणि सावली आहे. नाद हवा तो मुलाने हात लावल्यावर उमटणारा, त्याच्या अंगावर येणारा नव्हे.

हलगीवरून समाजातील काही ज्येष्ठांनी आम्हांस त्या वेळी दोन शब्द सुनावले. गावकीचे काम म्हणून जे वाद्य आपल्या वडिलांनी टाकले, ते तुम्ही पुन्हा मुलांच्या हाती देता काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे दुःख आम्हांस मान्य आहे. ते आमच्याही घरातले आहे. परंतु आपण टाकली ती सक्ती, तो अपमान. चामड्याच्या कंपनाचा त्यात दोष नव्हता. एखाद्या बहिऱ्या मुलीला तळव्यातून ताल प्रथमच कळत असेल, तर आम्ही तिचा हात दूर करणार नाही.

आणखी एक. या पट्टीचा काही भाग रस्त्याकडील कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला असावा, म्हणजे बाजाराला जाणारी बाई, रिक्षावाला, शेजारच्या शाळेतील मुले यांचेही हात तिच्यावरून फिरतील. कोणाही नागरिकाला वापरता आली तरच कला सार्वजनिक. आत एक जग आणि बाहेर एक जग अशी भिंत कोणी घातली की तिची किंमत काय असते, हे आपल्याला ठाऊक आहे. बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे उभे राहिले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. भाई माधवराव बागल, जे स्वतः चित्रकार होते, त्यांनी ते पुतळे भरवस्तीच्या चौकात उभे केले. जागेची ती निवड आम्हांस पुतळ्यांइतकीच महत्त्वाची वाटते.

खर्चाविषयी समितीतील मित्रांनी चिंता करू नये. सात फुटी चौथरा, कठडा आणि त्यावरील ग्रॅनाइट यांना जे लागेल त्यातील अर्धेही पुष्कळ होईल. माजी विद्यार्थ्यांत गवंडी आहेत, कला शिक्षक आहेत, कारखान्यात ओतकाम करणारे आहेत. त्यांनी पावती फाडण्याऐवजी आठ दिवस द्यावेत. देखभालीसाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवावी लागेल, कारण हात लागणारी वस्तू झिजते. ती झिजावी म्हणूनच करायची आहे. आणि आपल्या प्रांगणातील पुतळेही अडीच फुटी बैठकीवर, कठड्याविना असावेत. त्यांना हार घालण्यासाठी शिडी लागू नये, आणि चाकाच्या खुर्चीतून आलेल्या मुलीचा हात त्यांच्या हातापर्यंत पोहोचावा. पावित्र्य उंचीत असते असे मानणारे आपल्यात पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्याशी या वयातही वाद घालण्यास तयार आहोत.

चौथऱ्याचा आराखडा अद्याप समितीच्या कपाटात आहे आणि पायाचे काम दिवाळीनंतर सुरू व्हायचे आहे. त्याआधीच्या एखाद्या शनिवारी त्या विशेष शाळेतील पाच-सहा मुलांना, त्यांच्या शिक्षिका व पालकांसह, आपल्या शाळेत बोलवावे. कोणी उभे राहून, कोणी बसून, कोणी खुर्चीतून हात लांब करील. गवंड्याने त्या हातांची उंची खडूने भिंतीवर मांडून घ्यावी. चष्म्याविषयी विचारणारा तो मुलगा आला तर फार बरे होईल. खडू आम्ही घेऊन येऊ.